बोर्ग-वॉर्नर टी-५: भंगारातला पाच गिअरचा बॉक्स घ्यावा का, आणि नेमका कुठला?

मत आधीच देऊन टाकतो. जुन्या अमेरिकन गाडीत तीन किंवा चार गिअरच्या जागी पाचवा गिअर बसवायचा असेल, तर टी-५ हा आजही सगळ्यात समजूतदार सौदा आहे. अट एकच: नंबर आणि दाते तपासून घ्या. ‘व्ही-८ मस्टँगमधून काढलाय’ या विक्रेत्याच्या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. टी-५ नावाखाली निदान डझनभर वेगवेगळे बॉक्स फिरत असतात. बाहेरून भावंडं वाटतात, पण आतून एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

हा बॉक्स १९८२ मध्ये एएमसीच्या (अमेरिकन मोटर्स कंपनीच्या) गाड्यांत आला. पुढच्याच वर्षी फोर्ड मस्टँग आणि शेव्रोले कॅमॅरोत दिसला, शिवाय शेव्रोलेच्याच एस-१० पिकअपमध्ये, जीप सीजेमध्ये, आणि युरोपात सिएरा कॉसवर्थमध्येही. अ‍ॅल्युमिनियमची केस, वजन साधारण ३४ किलो, दोन शाफ्टमधलं अंतर ७७ मिलिमीटर. वजन कमी म्हणून दोघं मिळून सहज उचलतात, जॅकवर एकट्यालाही बसवता येतो. याच हलकेपणाची किंमत पुढे मोजावी लागते, ते खाली येईलच.

ओळख पटवताना पहिली नजर शेपटाकडच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या आवरणाच्या, बोल्टकडे टाका. तिथे एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा नंबर असतो. पुढचे तीन आकडे म्हणजे त्या बॉक्सची जन्मपत्रिका: कुठल्या गाडीचा, कुठल्या रेशोचा (मागचा शाफ्ट एकदा फिरायला पुढचा किती फिरतो ते प्रमाण), किती ताकदीचा. उदाहरणार्थ १३५२-२५१ म्हणजे फोर्डने सुट्ट्या विक्रीसाठी काढलेला ‘झेड’ बॉक्स, यातला सगळ्यात दणकट. पण पट्टी एका बोल्टावर लटकलेली असते हे विसरू नका. ती पडते, हरवते, आणि कधी कधी मुद्दाम दुसऱ्याची आणून लावलेली असते. त्यामुळे पट्टीवर विश्वास ठेवा, पण खात्री हाताने करा.

खात्रीचा मार्ग सोपा आणि फुकटचा आहे. बॉक्स बाकावर ठेवा, पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूची एकेक रेघ मारा, पहिला गिअर टाका. मागचा शाफ्ट बरोबर एक फेरा फिरेपर्यंत पुढचा फिरवत राहा आणि मोजा. तीन फेऱ्यांना किंचित कमी भरले तर पहिला गिअर २.९५ चा. तीन आणि वर एक तृतीयांश भरले तर ३.३५ चा. चार पूर्ण होऊन थोडं पुढे गेलं तर ४.०३ चा, म्हणजे बहुधा चार सिलिंडरवाल्या गाडीचा किंवा एस-१० चा. मग पाचवा टाका आणि आता मागचा शाफ्ट दहा फेरे फिरवा. पुढचा ६.३ फेरे फिरला तर पाचवा ०.६३ चा, ६.८ ला ०.६८, ८.६ ला ०.८६. पाच मिनिटांत हा बॉक्स कुणाचा ते कळतं. विक्रेता हे करू देत नसेल तर तो बॉक्स तिथेच राहू द्या.

रेशो एवढा महत्त्वाचा का, ते २६ इंची टायर आणि मागे ३.७३ चं डिफरन्शिअल धरून बघू. ताशी १०० किलोमीटरला ०.६३ चा पाचवा असेल तर इंजिन साधारण १,८९० आरपीएमवर चालतं, ०.६८ ला २,०४० च्या आसपास, आणि ०.८६ ला जवळपास २,५८०. एस-१० चा ४.०३ वाला बॉक्स मोठ्या व्ही-८ ला लावला की दोन्हीकडून तोटा: पहिला गिअर इतका छोटा की चौक ओलांडण्याआधी दुसरा टाकावा लागतो, आणि हायवेवर पाचव्यात म्हणावी तशी शांतता नाही. उलट २.९५ चा पहिला आणि मागे उंच, म्हणजे तीनच्या आतलं डिफरन्शिअल, अशी जोडी जमवली तर उभ्या गाडीतून निघताना क्लच जळतो. मागचं डिफरन्शिअल बदलायचं नसेल तर त्याचा आकडा खिशात ठेवूनच बॉक्स बघायला जा.

आता दुसरी मोठी विभागणी: ‘वर्ल्ड क्लास’ आणि त्याआधीचा साधा. मस्टँगच्या व्ही-८ ला वर्ल्ड क्लास १९८५ पासून आला, कॅमॅरोला १९८८ पासून. तो ओळखायला बॉक्स उघडावा लागत नाही. समोरून पाहा. इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडच्या पुढच्या शाफ्टच्या) खाली, खालच्या शाफ्टच्या टोकाला बेअरिंगची चकचकीत पोलादी रिंग दिसली तर वर्ल्ड क्लास. तिथे नुसतं पत्र्याचं सपाट बूच दिसलं तर साधा. वर्ल्ड क्लासमध्ये वरच्या शाफ्टवरचे गिअर नीडल बेअरिंगवर फिरतात आणि सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवून घेणाऱ्या) आतून अस्तर असतं, त्यामुळे गिअर लोण्यासारखे पडतात. साध्यात अख्ख्या पितळी रिंगा. शांत सिक्स सिलिंडरला साधाही पुरतो. पण व्ही-८ साठी साध्यावर पैसे घालू नका, दुरुस्तीचा खर्च दोघांना सारखाच येतो.

ताकदीचं बोलायचं तर कंपनीचे आकडे असे: १९८५ ते ८९ च्या मस्टँग व्ही-८ चा बॉक्स २६५ पाउंड-फूट, १९९० ते ९३ चा ३००, झेड ३३०. न्यूटन-मीटरमध्ये अंदाजे ३६०, ४०७ आणि ४४७. हे आकडे रस्त्यावरच्या टायरसाठी प्रामाणिक आहेत. रेसचे चिकट टायर लावून ५,००० आरपीएमवर क्लच सोडणाऱ्यासाठी नाहीत. टी-५ मोडतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या गिअरवर. पहिल्यात टायर घसरून झटका खाऊन टाकतात. तिसऱ्यात टायरची पकड असते, मग सगळा भार दातांवर येतो. तिरके दाते शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतात, अ‍ॅल्युमिनियमची केस किंचित ताणते, दाते पूर्ण लांबीने भिडत नाहीत आणि टोकाचा तुकडा उडतो. म्हणून घेण्याआधी वरचं झाकण काढायला सांगा (बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवूनच), बॅटरी मारून तिसऱ्याचे आणि त्याच्या खालच्या शाफ्टवरच्या जोडीदाराचे दाते एकेक करून बघा. एक दाता जरी टवका उडालेला असला तरी दोन्ही बदलावे लागतात.

इनपुट शाफ्ट हाताने हलवला की थोडा डुलतो. नवखे इथे घाबरतात. पण शाफ्टचं पुढचं टोक इंजिनातल्या पायलट बेअरिंगमध्ये बसेपर्यंत ते डुलणं चालतं. घाबरायचं ते शाफ्ट पुढे-मागे खडखडत असेल तर, किंवा फिरवताना वाळू दळल्यासारखा आवाज आला तर.

आता बसवण्याकडे. इथे एक सूत्र पाठ करून टाका: क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलप्रमाणे, मधल्या खाचा गिअरबॉक्सप्रमाणे. पायलटचंही तसंच: बाहेरचं माप इंजिनप्रमाणे, आतलं शाफ्टच्या टोकाप्रमाणे. फोर्डच्या टी-५ ला १ १/१६ इंचाच्या १० खाचा, टोक ०.६६८ इंच. जनरल मोटर्सच्या व्ही-८ बॉक्सला १ १/८ इंचाच्या २६ खाचा, टोक ०.५९० इंच. एस-१० च्या बॉक्सला १ इंचाच्या १४ खाचा. मस्टँगचा बॉक्स शेव्रोलेच्या इंजिनाला लावणाऱ्यांचं गणित चुकतं ते इथेच: प्लेट शेव्रोलेची आणतात आणि शाफ्टवर ती चढतच नाही. मिश्र मापाच्या पायलट बुशी तयार मिळतात, घासून मोठ्या करायच्या भानगडीत पडू नये.

मस्टँगमध्ये आणखी एक सापळा आहे. १९९४ आणि ९५ च्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट आधीच्यापेक्षा जवळपास पाऊण इंच लांब आहे, कारण त्या वर्षांची बेल हाउसिंगही (इंजिन आणि बॉक्सच्या मधलं, क्लचभोवतीचं आवरण) लांब आहे. एक घेतलं तर दुसरं त्याच गाडीचं घ्या. १९९३ पर्यंतच्या हाउसिंगमध्ये लांब शाफ्ट कोंबला तर तो पायलटच्या तळाला जाऊन टेकतो, आणि बोल्ट आवळले की पुढचं बेअरिंग किंवा क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग, दोघांपैकी एक जातं.

कॅमॅरोचा बॉक्स मूळ गाडीत ड्रायव्हरकडे कललेला बसतो. सरळ हाउसिंगला लावला की गिअरचा दांडा तिरका येतो. मधल्या सीटवर बसणाऱ्याची अडचण सोडली तर यात यांत्रिक नुकसान काही नाही, पण मागचा माउंट आणि क्रॉसमेंबर नव्याने जुळवावे लागतात. एस-१० च्या बॉक्सचा दांडा बराच पुढे निघतो. सलग सीटवाल्या जुन्या गाड्यांना तो नेमका जागेवर येतो, म्हणून त्या बॉक्सच्या शेपटाला एवढी मागणी. शेपूट बदलायचं ठरवलं तर आतली शिफ्ट रेलही (गिअर बदलणारी सळई) त्याच बॉक्सची लागते. शेपूट ओढताना दांड्याखालच्या लिव्हरची रोल पिन आधी काढा, आणि लिव्हरखाली बोट धरून ठेवा: तिथे एक स्प्रिंग आणि वाटाण्याएवढी पोलादी गोळी असते. ती उडून गॅरेजच्या कोपऱ्यात गेली की गिअर जागेवर अडकून राहत नाही, आणि लोक सिंक्रोला शिव्या देत बसतात.

जीपचा टी-५ टू-व्हील गाडीसाठी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. त्याचं मागचं टोक ट्रान्सफर केससाठी (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीसाठी) बनवलेलं आहे.

बेल हाउसिंग बसवल्यावर डायल गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. या पायरीला सगळे टाळाटाळ करतात आणि मग वर्षभरात पुढचं बेअरिंग गेलं म्हणून बॉक्सला दोष देतात. गेजचा पाय फ्लायव्हीलवर, टोक हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर, आणि क्रँक पूर्ण एक फेरा फिरवायचा. एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त असेल तर आधी हाउसिंग काढून ब्लॉकच्या तोंडावरचा रंग, गंज, जुनी पिन वाकलेली आहे का ते पाहा. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. तरीही फरक राहिला तर ऑफसेट डॉवेल पिना लावायच्या. गेजने दाखवलेल्या आकड्याच्या निम्मं सरकवायचं असतं, पूर्ण नाही.

बॉक्स आत सरकवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून वरच्या भोकांत मार्गदर्शक म्हणून लावा. वजन क्षणभरही क्लच प्लेटवर लटकू देऊ नका, मधला हब वाकतो आणि मग क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि बॉक्स पुढे जात नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह आवरा. अ‍ॅल्युमिनियमचा कान ‘टक्’ करून तुटतो. प्लेट मधोमध आहे का, खाचा जुळल्यात का, पायलट घट्ट तर नाही, हे बघा. सगळं जुळलं तर तो हाताच्या दाबाने आत जातो.

मागच्या शाफ्टला फोर्डच्या बॉक्सवर २८ खाचा, जनरल मोटर्सच्या बॉक्सवर २७. त्याप्रमाणे स्लिप योक (प्रोपेलर शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक) घ्या. प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडी चाकांवर उभी असतानाच मोजा आणि योक पूर्ण आत गेल्यावर तिथून निदान एक इंच मागे राहील असं कापून घ्या. इंजिन आणि डिफरन्शिअल यांचे कोन समांतर नसतील तर ताशी ९० किलोमीटरच्या पुढे थरथर येते. ती बॉक्सची नसते. क्लचची यंत्रणाही वेगळी असते: मस्टँगला केबल, १९८४ पासूनच्या कॅमॅरोला हायड्रॉलिक. मस्टँगची केबल घेतली तर पेडलवरचा प्लास्टिकचा क्वाड्रंट (केबल ओढणारा दातेरी तुकडा) त्याच वेळी बदलून अ‍ॅल्युमिनियमचा टाका. फोर्डच्या पुढच्या रिटेनरची (इनपुट शाफ्टभोवतीच्या झाकणाची) नळीही अ‍ॅल्युमिनियमची असते आणि रिलीज बेअरिंग तिच्यावर चर पाडतं. बॉक्स खाली आहे तोवर पोलादी नळीचा रिटेनर लावून घेणं शहाणपणाचं.

तेलाच्या बाबतीत चूक झाली तर चांगला बॉक्स महिन्याभरात खराब वाटू लागतो. वर्ल्ड क्लासमध्ये एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) घालायचं, साधारण २.६५ लिटर, बाजूच्या भोकातून थेंब बाहेर यायला लागेपर्यंत. जाड गिअर ऑइल घातलं की अस्तराच्या रिंगा पकड घेत नाहीत आणि थंड सकाळी दुसरा गिअर हट्टाला पेटतो. जुन्या पितळी रिंगांच्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ नको, त्यातली गंधकाची द्रव्यं पितळ खातात. आणि तेल सोडण्याआधी भरायचं बूच सुटतंय ना, ते आधी पाहा. गंजलेलं बूच सुटलं नाही तर रिकामा बॉक्स गाडीखाली लटकवून बसावं लागतं.