३० हजारांच्या बजेटमध्ये अल्टो सॅक्सोफोन : अकरा महिने वाजवल्यानंतर

वाद्य चिनी बनावटीचं, नाव न घेण्याजोग्या ब्रँडचं, सोनेरी लॅकरचं. ऑनलाइन १९ हजारांना पडलं. यामाहाचा शिकाऊ अल्टो, म्हणजे वायएएस-२८०, तेव्हा लाखाच्या पुढे होता, त्यामुळे तो विचारातच नव्हता. अकरा महिने रोज तास-दीड तास वाजवलं. त्यात सांगलीचा एक अख्खा पावसाळा आला आणि लग्नसराईत बँडबरोबर उघड्यावर वाजवणंही आलं. माझं मत आधीच सांगतो: खिशात ३० हजार असतील तर तीसच्या तीस वाद्यात घालू नका. दहा हजार बाजूला ठेवा. स्वस्त सॅक्स खोक्यातून निघतो तेव्हा तो अर्धाच तयार झालेला असतो, आणि उरलेला अर्धा त्या दहा हजारांत होतो.

अल्टो घ्यायचा की त्याहून मोठा आणि खालच्या सुराचा टेनर, याचा निर्णय गायकाच्या पट्टीवरून, म्हणजे तो ज्या सुरात गातो त्यावरून घ्या. अल्टो ई फ्लॅटचा. त्याच्यावर ‘सी’ची बोटं धरली की पेटीवरची काळी दोन निघते. काळी पाचला ‘जी’, काळी चारला ‘एफ’, पांढरी चारला ‘डी’. ही सगळी बोटं सोपी आहेत. गायक पांढरी एक किंवा पांढरी पाच म्हणाला तर ‘ए’ आणि ‘ई’ धरावे लागतात, तेही सरावाने बसतात. काळी एकला ‘ए शार्प’ येतो, तिथे मात्र सुरुवातीला बोटं अडखळतात. टेनर बी फ्लॅटचा, किंमत जास्त, वजन जास्त, पत्त्याही (माउथपीसला बांधायच्या, फुंकल्यावर थरथरणाऱ्या वेताच्या पट्ट्या, म्हणजे रीड) महाग. मर्यादित पैशात अल्टोच बरा.

आता मुख्य गोष्ट, गळती. नव्या वाद्याचे खालचे ‘सी’, ‘बी’, ‘बी फ्लॅट’ लागत नाहीत, घशात पाणी अडकल्यासारखी गुरगुर येते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपली फुंकच कमी पडतेय. तो जोर वाढवतो, ओठ आवळतो आणि फुंकण्याची सवय बिघडवून घेतो. बहुतेक वेळा दोष पॅडचा, म्हणजे कळेखाली भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गादीचा असतो. पॅड भोकाच्या काठावर सगळीकडून टेकत नाही, एका बाजूने केसभर फट राहते. ती शोधायला गणपतीच्या आराशीला वापरतात ती पाच व्होल्टची एलईडी पट्टी पुरते. मान (माउथपीस जिच्यावर चढतो ती वरची वाकडी नळी) काढा, पट्टी बॉडीत तळापर्यंत सोडा, खोलीत अंधार करा आणि एकेक कळ हलक्या बोटाने दाबा. पॅडच्या कडेला उजेडाची रेघ दिसली की फट तिथे आहे. बोट हलकंच हवं. जोराने दाबलं तर चामडं दबतं आणि दोष लपतो. पतंगाच्या कागदाची पाव इंच रुंद पट्टी पॅडखाली घालून ओढून बघा, चारही बाजूंनी सारखी अडकली पाहिजे. या वाद्याचे सात पॅड गळत होते. सगळे पॅड बदलायची गरज नसते. पॅड कळेच्या वाटीत लाखेने बसवलेला असतो. वाटी मागून लायटरने जराशी तापवली की लाख मऊ होते, पॅड सरळ करून कळ मिटून ठेवायची आणि थंड होऊ द्यायची. स्वस्त वाद्यांत बऱ्याचदा लाखेऐवजी ग्लूगनचा गोंद असतो. ज्योत लांबच धरा. लॅकर, म्हणजे धातूवरचा चकचकीत लेप, काळं पडलं तर परत येत नाही.

पॅड बसल्यावरही दोन जागा तपासा. पहिली जागा ‘जी शार्प’. डाव्या करंगळीने त्याची कळ दाबून ठेवा आणि उजव्या हाताने ‘एफ’, ‘ई’, ‘डी’ वाजवा. ‘जी शार्प’चा पॅड उचलला जाऊन सूर फाटत असेल तर त्याच्यावरच्या छोट्या आडव्या दांड्यावरचा स्क्रू सैल आहे. पाव फेराच फिरवा, पुन्हा वाजवून बघा. बसला की वर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, नाहीतर बँडच्या ढोलाशेजारी वाजवताना महिन्याभरात तो पुन्हा सुटतो. दुसरी जागा मानेवरचं ऑक्टेव्ह छिद्र, म्हणजे सूर एक सप्तक वर नेणारं बारीक भोक. ‘जी’ धरून अंगठ्याने ऑक्टेव्ह कळ दाबा-सोडा. मानेवरचा पॅड जराही हलता कामा नये, तो ‘ए’पासून वरच उघडायचा. हलत असेल तर मानेवरच्या ऑक्टेव्ह कळेची कडी किंचित वाकलेली असते. केस बंद करताना किंवा मान जोडताना कडीला धरल्यामुळेच ती वाकते. मान नेहमी नळीला धरून बसवा आणि बॉडीच्या तोंडातलं प्लास्टिकचं बूच फेकू नका. एसटीच्या रॅकवर आदळताना ऑक्टेव्हची खुंटी वाचते ती त्या बुचामुळे.

त्यानंतर माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा. सोबत आलेला बाजूला ठेवा. त्याचा पत्ती टेकण्याचा सपाट भाग बऱ्याचदा सपाट नसतो. पत्ती बांधा, मागचं भोक तळहाताने बंद करा आणि हवा ओढा. क्षणभर पकड राहून ‘टप्’ असा आवाज आला तर बैठक नीट आहे. सोबतच्या माउथपीसमध्ये पकड अजिबात राहिली नाही. त्याच्या जागी यामाहाचा ४सी घेतला, तीन हजारांच्या आत. उघडी (पत्तीचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यातली फट) बेताची, फिनॉल रेझिनचा, दिसायला साधा. खालचे सूर न किंचाळता लागायला लागले आणि वरचा ‘एफ’ चिरकायचा थांबला. सबंध अकरा महिन्यांतला हा सगळ्यात पैसा वसूल खर्च. बँडमध्ये आवाज पुढे यावा म्हणून लगेच धातूचा, मोठ्या उघडीचा माउथपीस घेऊ नका. ओठ तयार नसताना सूर वर-खाली डगमगतो. सहा महिन्यांनी मींडेसाठी थोडी मोठी उघडी हवीशी वाटली, ती वेगळी गोष्ट. कद्री गोपालनाथांनी याच अल्टोवर कर्नाटक संगीतातली गमकं वाजवली, पण त्यामागे ओठांची अनेक वर्षांची तयारी होती.

ओठ बरोबर आहेत का, हे पेटीवर तपासता येतं. नुसता माउथपीस फुंकला की पांढरी सहा यायला हवी, आणि मानेवर चढवून फुंकला की काळी चार. चढा येत असेल तर ओठ आवळले जाताहेत. मधला ‘डी’ बहुतेक अल्टोंवर थोडा चढाच असतो आणि उघडा (एकही कळ न दाबता वाजणारा) ‘सी शार्प’ उतरता. इथे वाद्याला दोष देऊ नका.

पत्त्या दोन नंबरपासून सुरू करा, नंबर वाढेल तशी पत्ती कडक. व्हँडोरेनची निळ्या डब्यातली अडीच ही रिकोच्या अडीचपेक्षा कडक असते, आकडा तोच असला तरी. तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापरा, टोक लाटेसारखं झालं तर पाण्यात दोन मिनिटं भिजवून काचेवर सपाट ठेवा.

जुलै-ऑगस्टात कृष्णेकाठी हवा इतकी ओली असते की ‘जी शार्प’ आणि खालचा ‘सी शार्प’ चिकटून बसतात. हे पॅड स्प्रिंगने मिटलेलेच राहतात, ओल आत अडकते. पॅडखाली पातळ कागद घालून हलकेच दाबा, दोन-तीनदा. पावडर किंवा तेल लावू नका. वाजवून झालं की कापड आतून ओढा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. सुईसारख्या निळ्या स्प्रिंगांवर ऑक्टोबरात गंज दिसला. जूनमध्येच सुईच्या टोकाने तेलाचा थेंब फिरवला असता तर तो टळला असता.

दुरुस्तीसाठी मिरजेला धाव घ्यायची सवय आपल्याकडे आहे, पण तिथली ख्याती सतार-तंबोऱ्याची. पॅडचं काम बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडेच द्या आणि समोर बसून उजेडाची पट्टी लावून घ्या. कळ तुटली तर ती सुटी करून सोनाराकडून झाळून घेता येते. वाद्याला लागलेली असताना कधीच नाही, शेजारचे पॅड जळतात.

या वाद्याचा एक दोष सुटणारा नाही: धातू मऊ आहे. उजव्या हाताच्या कळा दर दोन-तीन महिन्यांनी जराशा वाकतात आणि पुन्हा फट पडते. मिस्त्रीची फी वर्षाला तीन-चार हजारांवर जायला लागली की जुना यामाहा बघायला लागा. बघायला जाताना एलईडी पट्टी आणि स्वतःचा ४सी सोबत न्या. मान खाली झुकलेली आहे का, म्हणजे नळीच्या पोटाला सुरकुती आहे का, ते आधी बघा. लॅकर उडालेलं असलं तरी चालेल.