प्रोबायोटिक कॅप्सूल सहा महिने घेतल्या, वजनाचं काय झालं

आधी आकडे सांगते, कारण ‘वजन उतरतं का?’ हेच सगळे विचारतात. सुरुवातीला ८४.६ किलो, कंबर १०१ सेंटीमीटर. तीन महिने रोज एक प्रोबायोटिक कॅप्सूल (आतड्यासाठी चांगले मानले जाणारे जिवंत जिवाणू भरलेली) घेतल्यावर ८४.१, कंबर जिथल्या तिथे. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत टिपत होते, त्यामुळे यात अंदाजपंचे काही नाही.

पहिला आठवडा जड गेला. पोट गुरगुरायचं, गॅस व्हायचा. दहाएक दिवसांनी ते थांबलं आणि पोट रोज साफ व्हायला लागलं. जेवल्यावर पोट फुगायची माझी कित्येक वर्षांची तक्रार जवळजवळ गेली. त्यासाठी या कॅप्सूलला मी पूर्ण गुण देईन.

वजनाची आशा मला उंदरांवरच्या प्रयोगांनी लावली होती. २००६ मध्ये अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये सोडले. सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली. वाचून मी हरखून गेले. त्याच गटाचं २०१३ चं काम मात्र उशिरा वाचलं. लठ्ठ माणसाचे जिवाणू मिळालेले उंदीर सडपातळ माणसाचे जिवाणू मिळालेल्यांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांची चरबी वाढायची टळली. पण खाण्यात चरबी कमी आणि फळं-भाज्या जास्त असतील तेव्हाच.

हे वाचून मी थबकले. रोज कॅप्सूल गिळत होते आणि ताटात तेच, मैदा, साखर, तळलेलं. मोठ्या आतड्यातले बरेचसे जिवाणू आपल्याला न पचणाऱ्या फायबरवर जगतात. ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच ब्युटिरेट. त्यांना खायलाच घातलं नाही, तर ते बिचारे करणार काय?

चौथ्या महिन्यापासून कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं वाढवली. तीही हळूहळू, एकदम वाढवली की पुन्हा गॅस. सहाव्या महिन्याअखेर ८०.३ किलो, कंबर ९६. मधे तीन आठवडे कॅप्सूल संपल्या होत्या, तेव्हाही वजन उतरतच राहिलं. म्हणून वजनाचं श्रेय मी ताटालाच देते.

डबी घेताना नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ हे जिवाणूंच्या गटाचं नाव वाचून घेऊ नका. गुण स्ट्रेनगणिक, म्हणजे एकाच जातीच्या जिवाणूंच्या वेगवेगळ्या वाणांगणिक, बदलतो. जपानमध्ये ‘लॅक्टोबॅसिलस गॅसेरी एसबीटी२०५५’ या ठरावीक स्ट्रेनवर १२ आठवड्यांच्या चाचण्या झाल्या, पोटावरची चरबी थोडी घटली, पण घेणं थांबवल्यावर परिणाम ओसरू लागला. माझ्या डबीवर स्ट्रेनचा क्रमांकच नव्हता. ‘१० अब्ज जिवाणू’ ठळक, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत ‘उत्पादनाच्या वेळी’. माझ्या पोटात जाईपर्यंत त्यातले किती जिवंत उरले, हे मला कळायला मार्गच नाही. याचा मला खरंच राग येतो. आकडा मुदत संपेपर्यंतचा दिलेला असेल, तीच डबी घ्या. आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका.

कॅप्सूल बंद करून पाच आठवडे झाले. पोट रोज साफ होतंय. परवाच्या रविवारी ७९.८.