घरची श्रीमंती की स्वतःचा पगार: प्रेमाला साथ कशाची?

पैशामुळे खरं प्रेम मिळतं की हुकतं, असं मोघम विचारलं तर उत्तर सापडत नाही. पैसा कोणाचा, हे आधी बघायला हवं. घरची इस्टेट आणि स्वतःची कमाई बायोडाट्यात शेजारी शेजारी लिहितात, पण दोन्हींचे परिणाम पार वेगळे.

घरच्या श्रीमंतीने ओळखी पटापट होतात, हे मान्यच. 'पुण्यात फ्लॅट, गावी बागायती' एवढं वाचूनच फोन सुरू होतात. ज्यांच्याकडे हे नाही त्यांची तगमग डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात दिसली. लग्न जमत नाही म्हणून नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. गरिबीत प्रेम जास्त खरं असतं, हे मला म्हणूनच पटत नाही.

पण आलेला फोन माणसासाठी की सातबाऱ्यासाठी, हे कळणं कठीण. शिवाय इस्टेट आली की मोठ्यांचा शब्द आला. मुलीने जातीबाहेरचा मुलगा निवडला की तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतात: "सही कर आणि जा." अशा वेळी घाईने सही करू नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे आणि लग्न कोणाशी केलं यावर तो ठरत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मात्र ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात.

स्वतःच्या पगाराला एवढं वलय नसतं, पण घरच्यांना "नाही" म्हणायची ताकद त्यातूनच येते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर नोटीस, तीस दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार लागतात; पैसे फारसे लागत नाहीत. खरा खर्च नंतरचा: खोलीचं डिपॉझिट, आगाऊ भाडं, शेगडी, गाद्या. ठरावीक प्रवर्गांतल्या आंतरजातीय जोडप्यांना राज्य सरकार ५० हजार रुपये देतं, पण लग्नानंतर अर्ज करून. तोवरचं स्वतःलाच निभवावं लागतं आणि नेमकं इथेच पाठबळ नसलेली जोडपी मोडतात.

पगाराचाही एक धोका आहे. "आधी सेटल होऊ दे" म्हणत वर्षं जातात, समोरचं माणूस वाट बघून थकतं. माझ्या मते दोघांपैकी एकाचा नियमित पगार आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर थांबू नये. स्वतःच्या नावावर फ्लॅट होईपर्यंत तर मुळीच नाही.

निवड दोन माणसांमध्ये असेल तर दोघांनाही सरळ विचारा: कर्ज किती, घरी किती पाठवतोस, लग्नानंतर माझा पगार कोणाच्या खात्यात जाणार? इस्टेटवाला "ते बाबा बघतील" म्हणाला आणि भाड्याने राहणाऱ्याने आकड्यांसकट सांगितलं, तर मी दुसऱ्याला होकार द्यायला सांगेन.