पॉप्लरमध्ये जुना कौन्सिलचा फ्लॅट घेताय? टॉवर की लॅन्सबरी

पूर्व लंडनमधल्या कॅनरी व्हार्फला नोकरी लागली आणि जवळच्या पॉप्लरमध्ये घर शोधायला घेतलं की आपल्यापैकी बरेच जण शेवटी दोन पर्यायांवर येऊन अडतात. एक म्हणजे साठच्या दशकातल्या टॉवरमधला फ्लॅट, दुसरं लॅन्सबरी इस्टेट या वसाहतीतलं, तीन-चार मजली विटांच्या इमारतीतलं घर. दोन्ही मुळात कौन्सिलचीच, म्हणजे स्थानिक पालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली. मी तीन वर्षं पहिल्यात भाड्याने राहिलो, मग दुसऱ्यात घर घेतलं.

टॉवरचं कौतुक आधी. अकराव्या मजल्यावर सकाळी ऊन थेट ओट्यापर्यंत यायचं. इथल्या जानेवारीत त्याची किंमत कळते. खोल्या ऐसपैस, सामानाला जागा भरपूर. घरात पुरेशी जागा हवी, हा १९६१च्या सरकारी पार्कर मॉरिस अहवालाचा आग्रह त्या काळच्या घरांत दिसतो. आजच्या नव्या इमारतींत मला तरी एवढी जागा कुठे दिसली नाही.

लॅन्सबरी त्याआधीची. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या पॉप्लरमध्ये १९५१च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय महोत्सवासाठी ही वस्ती चक्क प्रदर्शन म्हणून उभारली. हिशेब एकरी १३६ माणसांचा. जुन्या दाटीतली सगळी कुटुंबं त्यात मावणार नव्हती, अनेकांना लंडनबाहेर जावं लागलं. हे मला आजही खटकतं. पुढे १९५६पासून जितके मजले जास्त तितकं सरकारी अनुदान जास्त झालं आणि कौन्सिलं उंच बांधू लागली.

माझा निर्णय मात्र शेगडीवर झाला. १६ मे १९६८ला शेजारच्या न्यूहॅममध्ये रोनन पॉइंट या २२ मजली टॉवरच्या अठराव्या मजल्यावर कुणीतरी सकाळच्या चहासाठी शेगडी पेटवली, साचलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जीव गेले. त्यानंतर तयार काँक्रीटचे पॅनेल जोडून बांधलेल्या अनेक टॉवरांमधून गॅस काढला गेला. योग्यच केलं. आमच्याही टॉवरमध्ये फक्त विजेची शेगडी होती. फुलके कसेबसे जमायचे, वांगं ग्रिलखाली नुसतं सुकायचं. आई सहा महिन्यांसाठी आली तेव्हा रोज ज्वारीची भाकरी तव्यावरच फडक्याने दाबत बसायची. “जाळच नाही, तर पापुद्रा सुटेल कसा?” असं ती दोनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. तिचं ते गप्प होणं मला सहन झालं नाही.

लॅन्सबरीत सगळं छान आहे असं नाही. लिफ्ट नाही, आमच्या मागच्या खोलीच्या कोपऱ्यात हिवाळ्यात ओल येते, कपाटं कमी. पण ओट्यावर गॅस आहे, आणि ख्रिस्प स्ट्रीटचा बाजार इतका जवळ की फोडणी देण्याआधी खाली जाऊन कोथिंबीर आणता येते.

तुमच्या घरी इंडक्शनची सवय असेल, गुडघे दुखत असतील, किंवा उजेड हीच मुख्य गरज असेल, तर कदाचित टॉवरच बरा. फक्त बँकेला आधी विचारा; पॅनेलच्या उंच इमारतींवर कर्ज द्यायला काही बँका कां-कू करतात. लिफ्ट आणि बाहेरच्या भिंतींच्या दुरुस्तीत तुमचा वाटा किती, तेही लेखी घ्या. आणि दोन्हीकडे घर बघायला जाल तेव्हा हॉलमधून दिसणाऱ्या देखाव्याआधी स्वयंपाकघरात जा.