उन्हाळ्यातील दुर्मीळ नोंदींसाठी ई-बर्डची सूचनासेवा

ई-बर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळाची दुर्मीळ पक्ष्यांची सूचना दर तासाला मिळू शकते. मी ती दिवसातून एकदाच घेतो, आणि हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात तिचे मोल अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. उन्हाळी नोंदीचे वेगळेपण पुष्कळदा तारखेत दडलेले असते. थंडीत पाणथळीवर थव्याने वावरणारा टिलवा हा लहानसा किनारी पक्षी ऐन उन्हाळ्यात एकटा दिसला, तर ती नोंद महत्त्वाची ठरते. कारण किनारी पक्ष्यांपैकी पहिल्या वर्षाचे अनेक पक्षी विणीच्या प्रदेशाकडे न परतता हिवाळी मुक्कामीच राहतात. सेवेची गाळणी प्रदेशानुसार आणि वर्षातील काळानुसार बदलत असल्यामुळे असा परिचित पक्षीही तिच्यातून निसटत नाही. अपेक्षित नसलेली जात किंवा नेहमीपेक्षा मोठी संख्या नोंदवली, की ती तपशील मागते, स्थानिक स्वयंसेवक परीक्षक नोंद तपासतात आणि तोवर सूचनेत ती अपुष्ट म्हणून दाखवली जाते. हा शब्द वाचल्याशिवाय कोणी दुर्बीण उचलून निघू नये, कारण उन्हाळ्यात झिजलेली पिसे आणि नुकतीच उडू लागलेली पिल्ले अनुभवी डोळ्यांनाही चकवतात.

एकाच पक्ष्याची नोंद अनेकांकडून पुन्हा पुन्हा येते आणि यादी फुगते, हा त्रास किरकोळ आहे.

खरी चिंता घरट्याची आहे. संवेदनशील ठरवलेल्या जातींचे नेमके ठिकाण ई-बर्ड झाकते, हे उत्तमच. परंतु एरवी सर्वत्र आढळणारी एखादी जात आपल्या भागात प्रथमच वीण करत असेल, तर ती त्या यादीत असेलच असे नाही, आणि सूचना वाचून आलेल्या गर्दीमुळे अंडी उबवणारी मादी घरटे सोडू शकते. अशा वेळी पिल्ले उडून जाईपर्यंत मी माझ्या नोंदींची यादी ई-बर्डला पाठवतच नाही. उशिरा भरलेली नोंदही मूळ तारखेनेच जमा होते, त्यामुळे अभ्यासाचे काही बिघडत नाही. मात्र तपशील त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा: चोचीचा आकार, पंखांवरील पट्टे, पायांचा रंग, आवाज, आणि पक्षी किती अंतरावर व कोणत्या उजेडात पाहिला ते. परीक्षक नेमके हेच विचारतात.