कपाशीच्या वरखतासाठी युरिया घ्यावा की कॅल्शियम अमोनियम नायट्रेट?

पाती (फुलकळ्या) धरण्याच्या सुमारास पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, नत्राची (नायट्रोजनची) मात्रा द्यायची झाली की कृषी केंद्रात ही दोन पोती समोर येतात, आणि 'नायट्रेट' वाचून अनेकांच्या मनात स्फोटाची शंका येते. शंका निराधार नाही. अमोनियम नायट्रेटच्या एकाच स्फटिकात जळणारा भाग आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारा भाग शेजारी असतात, म्हणून तीव्र उष्णतेने किंवा जबर धक्क्याने तो क्षणात वायुरूप होऊ शकतो. 1921 मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे हे रसायन असलेल्या खताचा घट्ट बसलेला ढीग सुरुंगाने फोडताना पाचशेहून अधिक माणसे दगावली. 2020 मध्ये बैरूत बंदर 2,750 टनांच्या साठ्याने उद्ध्वस्त झाले. आपल्याकडे वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणींतील स्फोटकांचाही हाच पाया आहे. 2012 च्या नियमांनुसार अमोनियम नायट्रेटच्या साठ्याला व विक्रीला परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

खताच्या पोत्यात मात्र हे रसायन चुनखडीच्या भुकटीत मिसळलेले असते, त्यामुळे धोका पुष्कळ घटतो. कुटार (वाळला भुसा), इंधन आणि विस्तवापासून ते दूर ठेवावे. केवळ भीतीपोटी नाकारू नये.

खरा निर्णय जमिनीवर आणि पावसावर ठरतो. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20.7 किलो, 25 टक्क्यांच्या नायट्रेट खताच्या 50 किलोंत ते 12.5 किलोच भरते, आणि अनुदानित युरियापुढे त्यातील नत्र महागच पडते. युरियाचा दोष असा, की आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो वर फेकून दिला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. वापसा (मशागतीजोगी ओल) असताना ओळीलगत देऊन लगेच डवरा (ओळींतली माती हलवणारे कोळपे) फिरवला, तर हे नुकसान बरेच टळते. दुसऱ्या खतातील निम्मे नत्र नायट्रेटच्या रूपात असल्याने पीक ते लगेच उचलते, पण झड लागून शेतात पाणी साचले की तेच नत्र आधी वाया जाते. त्यातल्या कॅल्शियमसाठी पैसे मोजण्याचे तर कारणच नाही, कारण आपल्या भारी जमिनीत चुना मुळातच भरपूर आहे.

म्हणून कोरडवाहू कपाशीला निंबोळीयुक्त युरिया, तोही मातीआड करून, हेच माझे स्पष्ट मत आहे. नायट्रेट खत ओलिताच्या भाजीपाल्यासाठी किंवा थंडीतील गव्हासाठी राखावे, जिथे पाणी हातात असते आणि पिकाला नत्र लवकर हवे असते.