कॅरोनी १९९६, २१ वर्षं मुरलेली : घ्यायची तर चौघांत घ्या

आधी निकाल सांगून टाकते. वेलिये या इटालियन कंपनीनं बाजारात आणलेली 'कॅरोनी १९९६, १०० डिग्री इंपीरियल प्रूफ' ही मी आजवर प्यायलेली सगळ्यात विक्षिप्त रम आहे, आणि सगळ्यात लक्षात राहिलेलीही. तरी पूर्ण बाटली एकट्यानं घेऊ नका. आम्ही इंग्लंडातल्या लेस्टरमधल्या चौघांनी मिळून लिलावात घेतली, मापानं वाटून घेतली, आणि माझ्या वाट्याची पावणेदोनशे मिली मला सहज वर्षभर पुरेल. हिचा दुसरा पेग भरावासा वाटत नाही. पहिलाच तासभर चालतो.

कॅरोनी ही त्रिनिदादमधली डिस्टिलरी, साखर कारखान्याला लागून असलेली. २००३ साली तिथल्या सरकारनं तोट्यातली साखर कंपनी गुंडाळली, नऊ हजारांच्या आसपास कामगार घरी बसले आणि डिस्टिलरीही संपली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, वेलियेचा मालक लुका गार्गानो एका फोटोग्राफरला घेऊन त्रिनिदादला गेला आणि बंद पडलेल्या गोदामात त्याला भरलेली पिंपं सापडली. काही १९७४ ची होती. त्यानं ती विकत घेतली, पाणी न घालता किंवा अगदी कमी घालून, साखर किंवा रंग न मिसळता बाटल्या भरल्या. सुरुवातीला या बाटल्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. आता जुन्या सालातल्या बाटल्या लिलावात चार आकडी पौंडांना जातात. नवा थेंब बनत नाही आणि असलेले लोक पितायत, त्यामुळे साठा घटतच जाणार.

लेबलवर अल्कोहोल ५७.१८ टक्के लिहिलंय. इंग्रजांच्या जुन्या मोजमापात १०० प्रूफ म्हणजे साधारण हेच. आपल्या ओल्ड मंकवर ४२.८ टक्के हा अडनिडा आकडा का असतो, याचं उत्तरही इथेच आहे : तो ७५ प्रूफ आहे, १०० चा पाऊण. हॉस्टेलपासून ओल्ड मंक पिऊनही मला हे कॅरोनीची बाटली हातात आल्यावर कळलं. (ओल्ड मंकवर माझा राग नाही. पण तिची व्हॅनिला डोक्यात ठेवून ही प्यायलात तर पहिल्या घोटाला कुणीतरी फसवल्यासारखं वाटेल.)

वासाबद्दल. ग्लासात ओतून वीस-पंचवीस मिनिटं हात लावू नका. लगेच नाक घातलंत तर फक्त अल्कोहोल भिडतं. नंतर पहिल्यांदा येतं ते डांबर, रस्त्याच्या कडेला पिंपात तापवतात ते. मग पंक्चरवाल्याचं सोल्यूशन, थोडं रॉकेल. इथपर्यंत वाचून तुम्ही नाक मुरडलं असेल तर ही रम तुमच्यासाठी नाही, पुढचं वाचू नका. डांबराच्या मागून काकवी येते, ज्येष्ठमध, काळी पडलेली केळी, आणि अगदी शेवटी काहीतरी खारट, ऑलिव्हच्या बरणीतल्या पाण्यासारखं. तोंडात मात्र ती वासापेक्षा सभ्य आहे. गोड नाही. जिभेच्या कडा कोरड्या पडतात, लाकडाचा तुरटपणा लागतो, आणि धूर घशात बराच वेळ रेंगाळतो. चमचाभर पाणी घातलं की फळं पुढे येतात आणि डांबर मागे सरतं. मी पाण्याच्या बाजूनं आहे. आमच्यातला एक जण त्याला पाप म्हणतो. बर्फ मात्र नकोच.

त्रिनिदादमध्ये 'पिच लेक' नावाचं नैसर्गिक डांबराचं तळं आहे, जगातलं सगळ्यात मोठं. ते आणि या रमचा वास यांची गाठ घालणारी कहाणी दुकानदार मोठ्या आनंदानं सांगतात. ती सोडून द्या. तळं बेटाच्या नैर्ऋत्येला, कॅरोनीचा पट्टा पार वर. वास येतो तो आंबवण्यातून आणि ऊर्ध्वपातनाच्या कॉलममधून. कॅरोनीत हलकी आणि जड अशा दोन्ही रम बनत. जड रम काढताना ऊर्ध्वपातन मुद्दाम पूर्ण नेत नाहीत, म्हणजे मळीतली आणि आंबवणीतली सगळी आडमुठी द्रव्यं दारूत उतरतात. असली रम नुसती पिण्यासाठी नसायचीच, दुसऱ्या रममध्ये थोडी घालून जोर आणायला असायची. ब्रिटिश नौदल खलाशांना रोज रम वाटत असे, त्या मिश्रणातही त्रिनिदादची रम असायची. तो वाटा ३१ जुलै १९७० ला कायमचा बंद झाला.

या बाबतीत माझ्याकडे एक तज्ज्ञ आहे. आमचे आप्पा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅबमध्ये होते, मी कारखान्याच्या कॉलनीतच वाढले. आप्पा माळकरी, त्यामुळे चाखायचा प्रश्नच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात इथे आले होते तेव्हा ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी डोळे मिटून दोनदा हुंगलं.

"अगं, वॉश, म्हणजे आंबवलेली मळी, तापू दिलंय यांनी. आणि फर्मेंटर धुतला होता का?"

"आप्पा, जगात लोक या वासासाठी हजार-हजार पौंड मोजतात."

"आमच्याकडं असला लॉट निघाला असता तर शिफ्ट केमिस्टला नोटीस गेली असती."

त्यांचं बरोबरच आहे. आपल्या कारखान्यांत मळीची रेक्टिफाइड स्पिरिट होते, ९५ टक्क्यांच्या आसपासची, आणि तिथे सगळी कसरत हीच की मळीचा मागमूस राहू नये. आता तर तोच मद्यार्क इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो. आपण मळी पेट्रोलमध्ये घालतो आणि त्रिनिदादच्या मळीतून पेट्रोलच्या वासाची रम निघते, असं मी म्हटलं तेव्हा आप्पा हसले. मग त्यांनी मळीतून मद्यार्काचा उतारा किती पडत होता ते विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि त्यांना यात खरा रस तेवढाच होता.

शोधायचं कसं, तर नुसतं 'कॅरोनी' हे नाव बघून उडी मारू नका. त्याच डिस्टिलरीची रम ब्रिस्टल, केडनहेड, डंकन टेलर, रम नेशन, मेझान अशा बऱ्याच जणांनी बाटलीत भरली आहे. त्यातली पुष्कळशी पिंपं युरोपात आणून थंड हवेत मुरवलेली. फरक मोठा आहे. उष्ण प्रदेशात पिंपातून वर्षाला सहा ते आठ टक्के रम हवेत उडते, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के. सात टक्के धरून २१ वर्षांचा हिशोब करा : शंभर लिटरचे जेमतेम बावीस उरतात. स्कॉटलंडात पासष्ट उरले असते. उरलेलं घट्ट आणि लाकडात मुरलेलं असतं, म्हणून उष्ण प्रदेशातली २१ वर्षं आणि युरोपातली २१ वर्षं एका तागडीत तोलू नयेत. लेबलवर कुठे मुरली ते बहुधा लिहिलेलं असतं, ते वाचा. वेलियेनं काही पिंपं पुढे गयानाला हलवली, त्या बाटल्यांवर 'गयाना स्टॉक' असं असतं. ती हवाही तितकीच गरम, त्यामुळे त्यात काही कमी नाही.

युरोपात मुरवलेली कॅरोनी वाईट असते असं मात्र नाही. डांबर कमी, फळं जास्त, पैसेही बरेच कमी. पहिल्यांदाच घेणार असाल तर तीच घ्या, तीही छोट्या नमुन्याच्या बाटलीत.

लिलावाची खोड अशी की शेवटच्या मिनिटाला बोली लागली की वेळ वाढतो, आणि माणूस इरेला पेटतो. आम्ही आकडा आधी कागदावर लिहून ठेवला होता. बोलीवर लिलाववाल्याचं कमिशन, कमिशनवर व्हॅट, वर पोस्ट. हे सगळं धरूनच आकडा ठरवा. युरोपातल्या दुकानातून ब्रिटनमध्ये मागवलीत तर ड्युटीही लागते; एका दुकानानं ती किमतीत धरली असल्याचं आम्हाला सांगितलं आणि कुरिअरवाला दारात वेगळं बिल घेऊन उभा. भारतात नेणार असाल तर विमानतळावर माणशी दोन लिटर मोफत चालतात. आणि सत्तर टक्क्यांवरची दारू विमानात मुळीच नेता येत नाही. काही कॅरोनी त्या रेषेच्या फार लांब नसतात, तेव्हा लेबल बघा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. २०१८ पासून वेलियेनं एक मालिका काढली, जिच्या लेबलांवर कॅरोनीत काम केलेल्या कामगारांचे फोटो आणि नावं आहेत. त्यातली काही नावं भोजपुरी वळणाची. १८४५ साली कलकत्त्याहून पहिलं गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, जहाज त्रिनिदादला लागलं, उसाच्या कामासाठीच. त्यांच्याच पणतू-खापरपणतूंची नोकरी २००३ मध्ये गेली. कामगारांना दोन-दोन एकर जमीन कबूल झाली होती आणि ती हातात पडायला वर्षानुवर्षं लागली. कंपनीचा हेतू मानाचा असेल, फोटोही सुंदर आहेत. पण माझ्या कॉलनीतल्या एखाद्या काकांचा फोटो अशा बाटलीवर असता आणि ती बाटली त्यांना कधीच परवडली नसती, तर मला काय वाटलं असतं, हे मी ठरवू शकत नाही. त्या मालिकेतली बाटली मी अजून घेतलेली नाही.

खोट्या मालाची भीती खरी आहे. रिकाम्या बाटल्या आणि खोके विकत घेऊन भलतंच भरणारे लोक आहेत, तेव्हा नावाजलेल्या लिलावाबाहेर कुणाकडून घेताना सील आणि रमची पातळी नीट तपासा. आमची बाटली रिकामी झाल्यावर लेबलवर मार्करनं फुली मारली आणि ती काचेच्या कचऱ्यात टाकायची असं ठरलं होतं. फुली मारून झालीय. पण आमच्यातल्या एका ताईंना त्यात मनीप्लांट लावायचाय, त्यामुळे बाटली सध्या त्यांच्या खिडकीत आहे.